कमलाबाई सोहोनी आणि प्रथिनांची माळ
(नागपूरच्या गांधीबागेत नवसाक्षर मंडळींसमोर केलेले भाषण)



गांधीबाग तुम्हांला नवी नाही. घरात लग्न निघाले की बस्ता बांधायला आपण इथेच येतो. दुकानदार गठ्ठे सोडतो. आपण लुगड्याचा पदर हातात घेतो. सूत बघतो, काठ बघतो. "रंग जाईल का हो?" असे दहादा विचारतो. एक धागा तुटका दिसला तरी ते लुगडे बाजूला सारतो. कापड पारखण्यात आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

आज आम्ही तुम्हांला अन्न पारखणाऱ्या एका बाईची हकिगत सांगणार आहोत. तिचे नाव कमला सोहोनी. गोष्ट डाळीची आहे, दुधाची आहे, नीरेची आहे. पुढे ती रक्तापर्यंत जाते. आणि शेवटी पुन्हा बस्त्यापाशी येते. कशी, ते ऐका.

दार बंद होते

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. माहेरचे आडनाव भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. बंगलोरला टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञानाची मोठी संस्था आहे. ते दोघे तिथेच शिकले होते. मुलीनेही ठरवले, आपण तिथेच जायचे.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. विषय रसायनशास्त्र. नंबर पहिला. त्यांनी बंगलोरला अर्ज केला. आता नंबर पहिला म्हटल्यावर जागा मिळायलाच हवी, नाही का? पण नाही मिळाली. कारण एकच. अर्ज करणारी बाई होती.

त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. केवढा मोठा माणूस! १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. पण मोठ्या माणसाचीही एखादी समजूत चुकीची असते. बायकांनी संशोधनात पडू नये, असे त्यांचे मत होते.

कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. भांडणतंटाही केला नाही. त्या बंगलोरला गेल्या आणि रामन यांच्या कचेरीसमोर बसून राहिल्या. "मला प्रवेश का नाही, ते सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे. तो काळ गांधींचा होता. मिठाचा सत्याग्रह होऊन तीन वर्षे झाली होती. या पोरीने शिक्षणाचा सत्याग्रह केला.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष कच्चे धरले जाईल. काम पसंत पडले तरच पुढे ठेवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल. आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट कमलाबाईंना फार लागली. उतारवयातही त्यांनी ती गोष्ट बोलून दाखवली. पण त्या वेळी त्यांनी अटी मानल्या. एकदा आत पाऊल पडले की काम बोलेल, हे त्यांना ठाऊक होते.

आणि काम बोलले. तिथे श्रीनिवासय्या नावाचे चांगले गुरू भेटले. कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली कमलाबाईंना वरची पदवी मिळाली.

एक मुलगी दारात बसून राहिली, म्हणून मागच्या मुलींना दारात बसावे लागले नाही.

प्रथिने म्हणजे काय?

आता तुम्ही विचाराल, "ही प्रथिने म्हणजे काय बुवा?"

गळ्यातली माळ डोळ्यांसमोर आणा. एका दोऱ्यात मणी ओवलेले असतात. प्रथिन म्हणजे अशीच एक माळ. फार बारीक, डोळ्यांना न दिसणारी. तिच्यात मुख्यतः वीस जातींचे मणी असतात. कोणता मणी कुठे ओवला, यावर माळेचा गुण ठरतो. एका माळेचे केस होतात, दुसरीचे स्नायू होतात. कोणी अन्न पचवते. कोणी रक्तातून प्राणवायू वाहून नेते.

डाळ, दूध, अंडी, मांस, शेंगदाणे यांत प्रथिने भरपूर असतात. आपण डाळ खातो, तेव्हा पोट त्या माळा तोडते आणि मणी सुटे करते. मग शरीर त्याच मण्यांच्या आपल्याला हव्या तशा नव्या माळा ओवते. म्हणून पोराबाळांना वाढीसाठी डाळ-दूध हवे असते.

बटाट्यातला शोध

१९३७ साली कमलाबाई विलायतेला केंब्रिजला गेल्या. तिथे त्यांनी काम कशावर केले? बटाट्यावर! आपल्या घरच्या टोपलीतल्या बटाट्यावर. बटाट्यात त्यांना 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन सापडले. जिवंत पेशी अन्नापासून शक्ती काढते, त्या कामात हे प्रथिन मदत करते. माणूस, जनावर, यीस्ट यांत ते असते. झाडापाल्याच्या पेशींतही ते असते, हे कमलाबाईंनी दाखवले. श्वासाची रीत झाडाची आणि माणसाची बरीच सारखी, असा त्याचा अर्थ.

या शोधाचा प्रबंध त्यांनी लिहिला, तो अवघा ४० पानांचा. काम झाले चौदा महिन्यांत. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतात. लिहिणे थोडे असावे पण खरे असावे, हा धडा नव्याने लिहायला शिकलेल्या आपल्यालाही उपयोगी आहे.

शिकलेले परत आणले

त्यांना परदेशात राहता आले असते. पण १९३९ सालीच त्या परत आल्या. शिकलेले आपल्या लोकांच्या कामी यावे, ही ओढ होती. आधी दिल्लीला मुलींच्या वैद्यकीय कॉलेजात शिकवले. मग निलगिरी डोंगरातल्या कुन्नूर गावी आहाराच्या प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय काय तपासले पाहा. तांदळाचे पीठ, कडधान्ये, नीरा. सारे गरिबाच्या ताटातले. विलायती खाण्याकडे त्यांनी पाहिले नाही.

आपण वाल कच्चे का खात नाही? आजी म्हणते, "पोट दुखेल." आजीचे खरे आहे. वालासारख्या काही कडधान्यांत असे एक प्रथिन असते, की जे पोटातल्या पचनाच्या रसाला अडवते. मग खाल्लेल्या अन्नाच्या माळा तुटत नाहीत आणि अंगी लागत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे अडवणारे प्रथिन वालातून वेगळे काढले, शुद्ध केले, त्याचे स्फटिक केले. १९५५ साली हा शोध जगातल्या नामांकित विज्ञानपत्रात छापून आला. नीट भिजवून शिजवले की हा अडथळा पुष्कळसा नाहीसा होतो. म्हणजे आजीच्या चुलीला विज्ञानाने दुजोरा दिला.

नीरेचे तसेच. झाडावरून उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. तो आंबला की ताडी होते. ताजी नीरा आणि तिचा गूळ यांत काय असते, हे पाहण्याचे काम राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवले. कमलाबाईंनी ते केले. त्यांत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे आढळले. आदिवासी भागातल्या अशक्त मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. मुंबईच्या आरे दूध योजनेलाही त्या दुधाच्या प्रतीबद्दल सल्ला देत असत.

आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. एवढे काम करूनही संस्थेच्या संचालकाची खुर्ची त्यांना वेळेवर मिळाली नाही. चार वर्षे थांबावे लागले. १९३३ साली दार अडले होते, तसे पुढेही अडतच राहिले. पण त्यांनी काम थांबवले नाही, आणि शेवटी संचालकपदही मिळाले.

निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. मालातली भेसळ आणि मापातली लबाडी उघड करणारी ग्राहकांची एक संस्था मुंबईत महिलांनी १९६६ साली काढली होती. कमलाबाई तिचे काम करू लागल्या. १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षही झाल्या. 'कीमत' नावाच्या तिच्या मासिकात त्या ग्राहकांसाठी लिहीत असत.

१९९८ साली दिल्लीत त्यांचा सत्कार होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या. 

एक मणी चुकला तर?

मंडळी, इथे गोष्ट संपली असती. पण प्रथिनांची माळ आपल्या नागपूर-विदर्भाच्या घराघरांत आहे. तिचे पुढचे ऐका.

रक्त लाल असते ते हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे. प्राणवायू वाहून नेणे हे त्याचे काम. त्याच्या एका माळेत १४६ मणी असतात. काही माणसांत त्यांतला सहावा मणी बदललेला असतो. फक्त एक! बाकीचे १४५ जागच्या जागी. पण त्या एका मण्याने घात होतो. गोल, मऊ रक्तपेशी वाकडी होते, विळ्यासारखी. ती बारीक नसांत अडकते. मग हातपाय ठणकतात, सांधे सुजतात, रक्त कमी पडते, डोळे पिवळे होतात. पोर शाळेत जाऊ शकत नाही, बाप मजुरीला जाऊ शकत नाही. हाच तो सिकलसेल. 'सिकल' म्हणजे विळा.

हा दोष प्रथिनात आहे, हे अमेरिकेतले लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४९ साली दाखवले. नेमका कोणता मणी बदलला, ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ साली शोधले. कमलाबाई जिथे शिकल्या, तेच हे केंब्रिज. आपल्या देशात हा दोष १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी आपल्या मध्य भारतातही तो असल्याचे लिहून जगापुढे मांडले.

चिठ्ठी पोचवायची कशी?

माळ चुकीची का ओवली जाते? कारण ओवण्याची चिठ्ठीच चुकलेली असते. जवळजवळ प्रत्येक पेशीत अशा चिठ्ठ्या असतात. त्यांना जनुक म्हणतात. आईकडून एक चिठ्ठी येते, बापाकडून एक.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, चुकीच्या चिठ्ठीच्या जोडीला बरोबर चिठ्ठी पाठवली तर? पण पेशीला दार आहे, पहारा आहे. नुसती चिठ्ठी रक्तात सोडली तर ती वाटेतच फाटते. पोस्टमन हवा, पाकीट हवे, पत्ता हवा.

पेशीत शिरण्यात हुशार कोण? विषाणू. म्हणून विषाणूतला रोगाचा भाग काढून टाकतात आणि त्या जागी चांगली चिठ्ठी ठेवतात. विषाणूचे बाहेरचे पाकीट प्रथिनांचेच असते. ते पाकीट बरोबर घरी जावे, भलत्या घरी जाऊ नये, यासाठी रसायनशास्त्रज्ञ त्यातला एकेक मणी बदलून पाहतात. हजारो पाकिटे करतात, चांगली निवडतात, त्यांतून पुन्हा निवडतात. तुम्ही शेतात काय करता? कपाशीची चांगली झाडे निवडता, त्यांचे बी ठेवता, पुन्हा पेरता. रीत तीच. प्रथिने अशी निवडून निवडून सुधारण्याबद्दल अमेरिकेच्या फ्रान्सिस अर्नोल्ड या बाईंना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुसरी युक्ती अशी, की प्रथिनाची एक बारीक कात्री पेशीत पाठवायची आणि चिठ्ठीत हवा तिथे काप घ्यायचा. या कात्रीबद्दल २०२० साली इमॅन्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना या दोघी बायांना नोबेल मिळाले. १९३३ साली बाई म्हणून दार बंद करणारे जग कुठवर आले, पाहा.

२०२३ सालच्या डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या अशा दोन उपचारांना परवानगी दिली. एकात विषाणूचे पाकीट आहे, दुसऱ्यात प्रथिनाची कात्री. रोग्याच्याच पेशी बाहेर काढतात, दुरुस्त करतात आणि परत देतात. पण खरे ते सांगितले पाहिजे. २०२३ साली किंमत ठरली ती २२ लाख डॉलर आणि त्यापुढे, म्हणजे तेव्हाचे आपले अठरा कोटी रुपये! उपचारही सोपा नाही. महिनोन्‌महिने इस्पितळात जा-ये करावी लागते. आपल्या देशातले शास्त्रज्ञही स्वस्त उपाय करण्याच्या खटपटीत आहेत. तो दिवस येईल. पण म्हणून आज कोणी तुम्हांला "पैसे द्या, सिकलसेल मुळापासून काढतो," असे सांगितले, तर त्याच्या नादी लागू नका.

आज आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. नीट ऐका.

ज्याला एकच चुकीची चिठ्ठी मिळाली तो 'वाहक'. आपल्याकडे त्याला 'ए. एस.' म्हणतात. तो सहसा धडधाकट असतो. शेती करतो, नोकरी करतो. ज्याला दोन्ही चिठ्ठ्या चुकीच्या मिळाल्या तो 'एस. एस.', म्हणजे रोगी.

एक वाहक आणि एक निर्दोष, असे लग्न झाले तर रोगी मूल होत नाही. पण दोघेही वाहक असले तर? रुपयाचा हिशेब धरा. प्रत्येक बाळंतपणात चार आणे शक्यता मूल रोगी होण्याची. आठ आणे शक्यता वाहक होण्याची. चार आणे शक्यता निर्दोष होण्याची. पहिले मूल चांगले झाले म्हणून दुसऱ्याची खात्री नाही. दर वेळी हिशेब नव्याने मांडायचा.

म्हणून यात सुनेचा दोष नाही. जावयाचाही नाही. चिठ्ठी दोन्हीकडून येते. हा करणी-भानामतीचा प्रकार नाही आणि शिवल्याने लागणारा रोगही नाही. रोगी मूल झाले म्हणून बाईला माहेरी धाडणारे घर अडाणी समजावे, मग त्या घरात किती का पदव्या असेनात.

रक्ताची तपासणी सोपी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी दवाखान्यात विचारा. आशाताईंना विचारा. २०२३ सालच्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचे तेव्हा ठरवले. तपासून घ्या आणि चिठ्ठी जपून ठेवा. आता तुम्हांला वाचता येते. तीवर 'ए. एस.' लिहिले आहे की 'एस. एस.', ते दुसऱ्याला विचारायची गरज नाही.

घरात रोगी असेल तर त्याला पाणी भरपूर पाजा. कडक ऊन आणि कडक थंडी यांपासून जपा. ताप आला, छातीत दुखले, एकाएकी फिकटपणा आला तर वाट पाहू नका. लगेच दवाखान्यात न्या. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती नियमित घेतली की पुष्कळांचा त्रास कमी होतो. मनाने सुरू करू नका आणि मनाने बंद करू नका.

बस्त्याआधी

आता पुन्हा गांधीबागेत येऊ.

आमच्या साक्षरता वर्गात एक बाई येत. दोन मुले सिकलसेलची. एक गेले, एक आहे. अक्षर लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय वाचले? कपाटातला जुना कागद. लग्नाच्या आधी कधीतरी गावच्या शिबिरात रक्त तपासले होते, त्याचा तो कागद. त्यावर लिहिले होते, 'वाहक'. नवऱ्याचाही तसाच कागद सासरी पडून होता. दोन्ही घरी कागद होते. वाचणारे कोणी नव्हते. ती बाई आम्हांला म्हणाली, "दादा, बस्त्यात आम्ही एकेक लुगडं उलगडून पाहिलं हो. हा कागद नाही उलगडला."

आम्हांला त्यावर बोलता आले नाही.

मंडळी, सोयरीक जुळवताना आपण सारे पाहतो. पत्रिका पाहतो, शेती पाहतो, देणे-घेणे ठरवतो. त्यात एक कागद आणखी पाहा. मुलाचा आणि मुलीचा, दोघांचाही. दोघे वाहक निघाले तर घाबरू नका आणि लपवूही नका. डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि मग दोघांनी मिळून काय ते ठरवा.

आणि घरातली पोर "मला पुढे शिकायचं आहे" म्हणून दारात बसली, तर कमलाबाईंची आठवण करा. तिला आत येऊ द्या. अठरा कोटींचा उपचार अठराशे रुपयांत आणणारी मुलगी एखाद्या खेड्यातल्या शाळेत आज बाराखडी गिरवत असेल. ती तुमच्याच घरातली का नसावी?

पुढच्या लग्नसराईत गांधीबागेत याल, तेव्हा बस्ता खुशाल बांधा. पण त्याआधी रक्ताचा कागद उलगडून, मोठ्याने वाचून या.